सहा घरांतलं लाकूड

खोडाळ्याच्या बाजारात माझं चपला-बुटांचं दुकान आहे, आणि मी ज्या फुटबॉल टीमवर जीव टाकला ती अनवाणी खेळायची. देवाला विनोद करायचा तर तो असा करतो. पावसाळ्यात रबरी बूट, उन्हाळ्यात सँडल, जूनमध्ये शाळेचे काळे बूट, एवढ्यावर आमचं घर चालतं. स्टडचे बूट मी हौसेनं दोनदा मागवले आणि दोन्ही वेळा परत पाठवले. "बूट घातला का बॉल समजत नाय, शेठ," असं आमचा गोलकीपर मला तोंडावर सांगायचा. तुला पायांचं काय पडलंय, तू हातांनी खेळतोस, असं मी म्हणायचो. तो नुसता हसायचा. त्याचे हात मात्र खरंच लांब होते. दुकानात उभा राहिला की वरच्या फळीवरचा खोका स्टुलाशिवाय काढून द्यायचा.

माझी बायको म्हणायची, "तुमचं खरं लग्न त्या टीमशी लागलंय, मी आपली भाजी-भाकरीपुरती." मी नाकारत नसे. संध्याकाळी गिऱ्हाईक असलं तरी माझं लक्ष टीम खेळायची त्या माळाकडे असायचं. एकदा तर एका बाईला दोन्ही चपला डाव्या पायाच्या दिल्या. ती दुसऱ्या दिवशी भांडायला आली तेव्हाही मी तिला आदल्या दिवशीचा गोल कसा वाचला ते सांगत होतो.

टीम बाजारापलीकडच्या पाड्याची. पाड्यातल्या कुणालाही स्वतःचं शेत नाही. पावसात दुसऱ्यांच्या खाचरात आवणी, म्हणजे भाताची लावणी करायची, भात कापून द्यायचं, नागली झोडून द्यायची, आणि दिवाळी झाली की घराला कडी लावून बाहेर पडायचं. कुणी वीटभट्टीवर, कुणी भिवंडी-वसईकडे बांधकामावर. मग सगळे परत यायचे ते थेट शिमग्याला. होळीच्या दुसऱ्या दिवशी दरीपलीकडच्या गावाशी मॅच असायची. वर्षातली खरी मॅच ती एकच. बाकीचं खेळणं म्हणजे तिची तयारी किंवा तिच्याविषयी गप्पा.

आता लाकडाचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. फार मागे गोलाचे खांब माळावर तसेच सोडून सगळे कामाला गेले आणि परत येऊन बघतात तर खांब गायब, कुणाच्या तरी चुलीत गेलेले. तेव्हापासून रीत पडली. दिवाळीनंतर निघायच्या आधी दोन्ही गोल उपटायचे. एका गोलाचे दोन खांब आणि वरची आडवी, तशी दोन्हींची मिळून सहा लाकडं. ती सहा खेळाडूंच्या घरी जायची, एकेक. वळचणीखाली काथ्यानं बांधून ठेवायची. ज्याच्या घरी लाकूड त्यानं शिमग्याला यायलाच पाहिजे, नाहीतर गोल उभा राहणार नाही आणि सगळा पाडा त्याच्या नावानं बोंब मारणार. तीही शिमग्याची बोंब, म्हणजे वर्षभर कानात राहणारी.

पुढे पुढे त्या लाकडाचा अर्थ फुटबॉलपेक्षा मोठा झाला. मागे राहिलेल्या बायका एकमेकींना सांगायच्या, "माझ्या घरात लाकूड हाय." म्हणजे माझा नवरा येणार. एका वर्षी साइटवरच्या माणसानं सुट्टी नाकारली तर आमचा एक बॅक आश्रमशाळेतलं पोर पळावं तसा पळून आला, रेतीच्या ट्रकमधून, अर्ध्या वाटेत पायी. होळीच्या दिवसांत पोरं गावभरची लाकडं चोरतात, कुणाचं कुंपण ठेवत नाहीत. पण त्या सहा लाकडांना कुणी हात लावत नसे. आमच्या गोलकीपरच्या घरी नेहमी आडवी असायची, माळाच्या वरच्या अंगाच्या गोलाची. सागाची, वापरून वापरून हातानं गुळगुळीत झालेली. उडी मारून तो तिला दोन्ही हातांनी लटकायचा तेव्हा मधोमध थोडी वाकायची.

मग एका पावसाळ्यात कोच आला.

एका संस्थेनं माळ सपाट करून द्यायचं ठरवलं होतं आणि सोबत पगारी कोच धाडला होता. शहरातला, तरणा, गळ्यात शिटी. मला काका म्हणायचा. सुरुवातीला मी हरखलो, खोटं कशाला बोलू? भर पावसात छत्री धरून त्याचा सराव बघायला जायचो. त्यानं शिकवलेले पास बघून वाटायचं, आमच्या पोरांना हे आधीच मिळालं असतं तर! पाड्यातले पुरुष आवणीवरून चिखलाचे पाय घेऊन यायचे आणि त्यानं मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंमधून पळायचे. आमचा गोलकीपर त्याचं सगळं ऐकायचा. डावीकडे उडी घेताना तो थोडा कच खायचा, कधीतरी पडून तो खांदा दुखावला होता. कोचनं ते पहिल्याच दिवशी ओळखलं. मला त्याचं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी ते खटकलंही. बैल विकत घेण्याआधी त्याचे दात बघतात तसं त्यानं माणसाला बघितलं होतं.

भात कापून झालं, दिवाळी आली. दिवाळीनंतरच्या पहिल्या सरावाला मी दुकान बायकोवर टाकून गेलो. धुकं अजून उठलं नव्हतं. माळाच्या कडेला मोरीच्या कठड्यावर मुकादम बसला होता. हा दर वर्षी कामाला माणसं गोळा करून नेतो. फुटबॉल त्यानं जन्मात पाहिला नसेल. पांढरी पँट, तोंडात गुटखा, शेजारी मोटारसायकल. मला बघून त्यानं मान हलवली आणि परत माळाकडे बघत बसला. तेव्हाच मला उलट्या पावली घरी जावंसं वाटलं.

कोचनं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं की यापुढे टीम बारा महिन्यांची. हजेरी रोज. जो हिवाळाभर इथे राहील तोच खेळेल. आश्रमशाळेच्या वसतिगृहातली उंच पोरं त्यानं हेरून ठेवलीच होती, मोखाड्याहून दोन, जव्हारहून तीन आणखी आली होती. राहणार का, असं विचारून तो एकेकाला पुढे बोलवत गेला. पाड्यातला एकही पुढे गेला नाही. जाणार कसा? हिवाळ्यात इथे राहायचं तर खायचं काय?

आमचा गोलकीपर चिडला नाही. त्यानं फक्त विचारलं, "सर, शिमग्याची मॅच?"

"त्या मॅच आता बंद," कोच म्हणाला. "नशेत खेळतात लोक, पाय मोडतात. आपल्याला जिल्ह्याला जायचंय."

कोचनं त्याचे निवडले आणि उरलेले मुकादमानं निवडले. मी हे अलंकारानं म्हणत नाही. मी तिथे उभा होतो. पोरं माळावरून खाली उतरली तेव्हा तो कठड्यावरून उठला आणि एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून बोलू लागला. आमच्या गोलकीपरपाशी तो जास्त वेळ थांबला. त्याचे हात मनगटापाशी धरून वर केले, खाली केले. "भट्टीत काय मातीत लोळतो? हे हात बोटीवरचे. जाळं वढायला असलेच लागतात," असं म्हणाला. बोटीचं काम गुजरातेत, बंदरावर. एकदा चढला की पुढचा पावसाळा लागेपर्यंत सुट्टी नाही. दर वर्षी मुकादम ते विचारायचा आणि दर वर्षी आमचा गोलकीपर एकच उत्तर द्यायचा, घरात लाकूड हाय. त्या दिवशी तो काहीच बोलला नाही. मला त्याच्या त्या गप्प बसण्याची जितकी भीती वाटली तितकी कोचच्या शिटीची वाटली नव्हती.

दोन दिवसांनी कोच दुकानात आला, नव्या टीमसाठी स्टड मागवायला. इतके जोड माझ्या दुकानातून एकदम कधी गेले नव्हते. आणि मी त्या गिऱ्हाइकाशी भांडलो.

"काका, जो माणूस चार महिने नसतो त्याच्यावर टीम कशी उभी करू?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही, हेच मला जास्त झोंबलं.

"तो जातो म्हणून तर परत येतो!" मी म्हटलं. बोलल्यावर मलाच कळलं की हे वाक्य कुणाला पटण्यासारखं नाही. मग मी त्याला उंटावरचा शहाणा म्हटलं, शिटीवाला म्हटलं, आणखी बरंच म्हटलं. तो शांतपणे पायांचे नंबर सांगत राहिला. सगळं त्याचं बरोबर होतं, आणि तरीही मला ठामपणे वाटत होतं की हा माणूस घराचा मधला खांब काढतोय आणि म्हणतोय की खोली मोठी झाली.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे गोल उपटले. कोणी सांगितलं नव्हतं. लाकडं सहा घरी गेली. गोलकीपर आडवी खांद्यावर घेऊन माझ्या दुकानावरून गेला. मी विचारलं, "शिमग्याला येणार ना?" दर वर्षी मी हे विचारायचो आणि दर वर्षी त्याला नवे हातमोजे द्यायचं कबूल करायचो. बूट नको तर नको, मोजे तरी माझ्या दुकानचे असावेत.

"बघू, शेठ," तो म्हणाला.

बघू हा शब्द त्यानं मला आधी कधीच दिला नव्हता. बायकोला रात्री जेवताना सांगितलं तर ती म्हणाली, "बघू म्हणजे बघू. तुम्ही आधी ताटाकडे बघा." पण तिनंही पुढचा घास जरा वेळानं घेतला.

हिवाळ्यात एका टेंपोतून लोखंडी गोल आले. पांढरा रंग दिलेले, सिमेंटात रोवलेले, मागे नायलॉनची जाळी. ते उपटायचा प्रश्नच नव्हता. मी येता-जाता त्यांच्याकडे बघायचो. ते नुसते उभे असायचे. त्यांना कुणाची वाट बघायची नव्हती.

आणि मग लाकडं जाऊ लागली. पहिलं मला दिसलं ते बकऱ्यांच्या खोपीला लागलेलं, आमच्या एका बॅकच्या घरी. त्याच्या म्हाताऱ्या बापाला विचारलं तर म्हणाला, "पडून होतं, शेठ. मॅच नाय तर काय करायचं त्याचं?" दुसरं ओहोळावर टाकलेलं, वर माती, पाय देऊन लोक पलीकडे जात होते. मीही गेलो. अर्ध्यावर खाली बघितलं तर टोकाला जुन्या काथ्याचा वळ दिसला, नाहीतर कळलंही नसतं. दोन लाकडं एकाच थंडीच्या आठवड्यात फोडली गेली. पाचव्याचं काय झालं ते मला शेवटपर्यंत समजलं नाही आणि मी विचारायचंही सोडलं. ज्या घरातलं लाकूड गेलं त्या घरच्या माणसाचा शिमग्याला यायचा बेत गेला, असा माझ्या डोक्यात हिशेब बसला होता. बायको म्हणायची, तुम्ही उगाच अशुभ बोलता. पण पाड्यातल्या बायकांची जी एक लगबग असते शिमग्याच्या आधीची, घर सारवणं, तांदूळ बाजूला काढणं, ती त्या वर्षी दिसेना.

गोलकीपरच्या घराची वळचण मी बाजाराच्या रस्त्यावरून बघू शकायचो. आडवी तिथे होती. त्याची बायको आणि दोन मुलं त्या वर्षी मागे राहिली होती, बोटीवर बायका-मुलांना नेत नाहीत. लाकूड आहे तोवर आशा आहे, असं मी स्वतःला सांगायचो. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच.

एकदा त्याचा फोन आला. मागे कसलं तरी इंजिन धडधडत होतं.

"शेठ, इथं सगला पाणीच पाणी हाय," तो ओरडून म्हणाला. मग एकदम, "गोलात कोण हाय आता?"

मी सांगितलं, वसतिगृहातला एक पोरगा आहे, उंच आहे, बरा आहे.

"डावीकडं पडतो का तो?"

"पडतो," मी म्हटलं. खोटं बोलवेना.

 नुसतं इंजिन ऐकू येत होतं. मग म्हणाला, "मंग चांगला हाय," आणि फोन तुटला. त्यानंतर मी लावला तेव्हा तेव्हा एकच बाई सांगायची की हा नंबर संपर्क क्षेत्राबाहेर आहे. बाजारात लोक बोलायचे की समुद्रात वाट चुकली, हद्द ओलांडली की पलीकडचे लोक बोटीसकट धरून नेतात आणि माणूस वर्षानुवर्षं तिकडच्या तुरुंगात राहतो. बोलणाऱ्यांना तेवढंच चघळायला होतं. मला मात्र त्या दिवसांपासून झोप लागेना.

जिल्ह्याची मॅच जव्हारला झाली. नाही नाही म्हणत मी एसटीत बसलो. वेड लागलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं? नवी टीम सुंदर खेळली. मला वाटलं होतं हरेल, आणि हरावी असंही वाटलं होतं. पण ती जिंकली. शेवटी पेनल्टी आली आणि त्या वसतिगृहाच्या पोरानं ती डावीकडे पडून अडवली, अगदी डावीकडे. मैदान उसळलं. कोच धावत येऊन माझ्या गळ्यात पडला, "बघितलंत काका!" मी त्याची पाठ थोपटली. हात थोपटत होते आणि मला रडू येत होतं. त्याला वाटलं आनंदानं.

कप खोडाळ्याच्या बाजारातून डीजे लावून फिरला. पाड्याकडे मिरवणूक गेली नाही. तिथे होतं कोण? दर दहा घरांपैकी सात-आठ घरांना कड्या होत्या.

होळीच्या दिवशी संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं आणि हातमोज्यांची नवी जोडी पिशवीत घालून पाड्यावर गेलो. दुपारी रस्त्यावरून बघितलं तेव्हा आडवी वळचणीला होती. मला वेड्यासारखं वाटत होतं की तो येईल. सगळ्यांत शेवटच्या गाडीनं येईल, पण येईल. मोहाचा वास सुटला होता. पाड्याच्या मधोमध होळी रचलेली, पण भोवती माणसं थोडी. म्हातारी, बायका, पोरं. बोंब मारली तीही दोन-तीन गळ्यांनी. दर वर्षी ती बाजारापर्यंत ऐकू यायची.

होळी पेटल्यावर उजेडात मी त्याच्या घराकडे बघितलं. वळचण रिकामी होती. काथ्या तेवढा लोंबत होता.

मी होळीकडे वळलो. आडवी मधोमध उभी केली होती, बाकीच्या फाट्यांच्या वर दोन हात निघालेली. साग लवकर पेट घेत नाही. टोकाला ज्वाळा पोचली होती आणि मधला भाग अजून तसाच होता, गुळगुळीत, हातांनी झिजलेला. मी पुढे झालो. तेवढ्यात त्याची बायको माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"असू द्या, शेठ. मीच दिली."

"का, वहिनी?"

"त्यानंच सांगला. दुपारी फोन आला, दुसऱ्याच कुणाच्या नंबरावरनं. बोलला, बोट लांब जायची हाय, मी नाय येत. लाकूड होलीला दे, दुसऱ्या कुणाच्या खोपीत नको." ती आगीकडे बघत बोलत होती. "मना पण उद्या भट्टीवर जायाचा हाय, पोरांना घेऊन. घराला कडी लावली का कुणीपन नेलाच असता."

 तिचा बाप असल्यासारखं मला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला आणि तेही जमलं नाही. मग पिशवी पुढे केली. तिनं मोजे बाहेर काढले, आगीच्या उजेडात उलटेपालटे बघितले आणि हातात चढवले. तिच्या हातांना ते फार मोठे होते. तिनं मुठी वळून बघितल्या, उघडून बघितल्या.

"इटा उचलायला बरं होतील," ती म्हणाली. "गरम इटांनी हात सोलतात."

आडवी मधून मोडली आणि आत पडली. कोणीतरी पोर ओरडलं. तिनं वळून बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करत होतो तेव्हा मुकादमाचा टेंपो बाजारातून गेला. मागे बोचकी, पोरं, पातेली, आणि कठड्याला धरून ती उभी. हातात माझे मोजे. मला बघून तिनं एक हात वर केला, तो मोठा, पांढरा-हिरवा पंजा, आणि टेंपो वळणावर गेला. पाड्यातलं शेवटचं लाकूड काल जळलं होतं, आता त्या घरालाही कडी लागली.

थोड्या वेळानं कोच आला. मैदानावरून तसाच आलेला, घामेजलेला, खूश. "काका, कीपरसाठी ग्लोव्हज हवे होते. चांगल्यातले. आहेत ना?"

"होते," मी म्हटलं. "आत्ताच भट्टीवर गेले."

त्याला काही कळलं नाही. तो हसला, म्हणाला, मागवून ठेवा, आणि शिटी बोटाभोवती फिरवत माळाकडे निघून गेला. मी स्टुलावर बसलो आणि पुन्हा एकदा आमच्या गोलकीपरचा नंबर लावला.